नळ नसलेल्या माळावर ट्रेलरची टाकी भरणे : घडीची पाणपिशवी आणि बारा व्होल्टचा पंप

कॅम्पिंग ट्रेलर घेऊन वाळवंटात राहणाऱ्या कुटुंबाचा मुक्काम किती लांबेल, हे बहुतेक वेळा पाणी ठरवते. वीज छतावरच्या सौरपट्ट्यांमधून मिळत राहते, स्वयंपाकाचा प्रोपेन बेताने वापरला तर बरेच दिवस पुरतो, पण ट्रेलरच्या पोटातली पाण्याची टाकी तळाला गेली की सगळा संसार आवरून, ट्रेलर पुन्हा गाडीला जोडून, नळ असेल तिथपर्यंत जाण्याखेरीज इलाज उरत नाही. फिनिक्स परिसरात राहणाऱ्या आणि हिवाळ्यात सवड मिळेल तेव्हा अ‍ॅरिझोनाच्या पश्चिमेकडच्या माळांवर मुक्कामाला जाणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींना ही अडचण चांगलीच परिचयाची आहे. ट्रेलर जागचा न हलवता टाकी पुन्हा भरता यावी, म्हणून आम्ही ४५ गॅलनची घडी करता येणारी पाणपिशवी आणि शुरफ्लो कंपनीचा ४००८ हा बारा व्होल्टचा पंप अशी जोडी गेले काही हिवाळे वापरत आहोत, आणि हा अभिप्राय त्या वापरावरून लिहिला आहे. पिशवी बनवणाऱ्याचे नाव मी देत नाही, कारण तिच्याविषयी एक तक्रार पुढे मांडली आहे आणि तशाच घडणीच्या पिशव्या निरनिराळ्या नावांनी बाजारात मिळतात. पंपाचे नाव मात्र आवर्जून देतो, कारण या जोडीतली खरी कामाची वस्तू तीच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

या साधनांची गरज नेमकी कुठे पडते, ते आधी सांगायला हवे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या ताब्यात प्रचंड मोकळी जमीन आहे, आणि तिच्या बऱ्याच भागात साधारण १४ दिवसांपर्यंत विनाशुल्क तळ ठोकता येतो. तिथे नळ, विजेची जोडणी, स्वच्छतागृह यांपैकी काहीही नसते, आणि माणसे तिथे जातात ती त्या मोकळेपणासाठीच. फिनिक्सहून पश्चिमेला सुमारे दोन तासांवर असलेल्या क्वार्ट्झसाइट या छोट्या गावाभोवती हिवाळ्यात ट्रेलरांची आणि मोटारघरांची अक्षरशः वस्ती उभी राहते. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा दीर्घ मुक्कामाचा भाग आहे, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात परवाना काढून महिनोन्महिने राहता येते, आणि त्याच्या दक्षिण विभागात पिण्याच्या पाण्याची व सांडपाणी सोडण्याची सोयही आहे. पण ही सोय एका ठिकाणी आहे आणि तळ मात्र मैलोन्मैल पसरलेले आहेत. प्लोमोसा रस्त्याच्या कडेला किंवा कोफा अभयारण्याच्या बाजूला उतरलेल्या माणसाला पाण्यासाठी खडबडीत कच्च्या वाटेने जाऊन यावेच लागते. प्रश्न एवढाच उरतो, की त्याने आपल्यामागे ट्रेलरही ओढत न्यायचा की नुसती गाडी घेऊन जायचे.

आणि नळ असलेल्या ठिकाणीही नळाला पाणी असेलच, हे गृहीत धरता येत नाही. २०२४ सालच्या ऑगस्टअखेर ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याला पाणी पुरवणारी १९६० च्या दशकातली जलवाहिनी अनेक ठिकाणी फुटली, तेव्हा उद्यानाच्या आतल्या हॉटेलांतले रात्रीचे मुक्काम काही दिवस बंद ठेवावे लागले आणि तंबूवाल्यांना व ट्रेलरवाल्यांना नळाविना राहण्याच्या अटीवरच राहू दिले गेले. अशा वेळी ज्याच्याजवळ पाणी आणण्याचे आणि चढवण्याचे स्वतःचे साधन असते, त्याचा मुक्काम सुखरूप पार पडतो.

आता हिशेब. आमच्या ट्रेलरची टाकी ४२ गॅलनची, म्हणजे जवळजवळ १५९ लिटरची आहे. अमेरिकेतला एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, आणि पाण्याच्या एका गॅलनचे वजन ८.३४ पौंड भरते. याचा अर्थ आमच्या टाकीतले पाणीच मुळी १५९ किलो, म्हणजे ३५० पौंड वजनाचे आहे. हे वजन जमिनीवरून उचलून ट्रेलरच्या भरणतोंडापर्यंत न्यायचे असते, आणि ते तोंड बहुतेक ट्रेलरांना कमरेच्या वर, कधी कधी छातीच्या उंचीवर असते. बाजारात सर्रास मिळणारा ७ गॅलनचा निळा पाण्याचा डबा भरल्यावर त्याचे वजन डब्यासकट २७ किलोंच्या घरात जाते. असे सहा डबे एकामागून एक छातीपर्यंत उचलून, त्यांच्या निमुळत्या तोंडातून पाणी हळूहळू सुटेपर्यंत तसेच धरून ठेवणे हे तरुण माणसालाही जड जाते, आणि ज्यांची कंबर आधीच दुखरी आहे त्यांनी तर या वाटेला जाऊच नये. क्वार्ट्झसाइटला येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण निवृत्त झालेले असतात, हे लक्षात घेतले की हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते पटेल.

डबे किंवा भरलेली पिशवी गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवून नळीने पाणी आपोआप उतरवावे, हा विचार सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतो आणि ऐकायला तो बरोबरही वाटतो. अडचण उंचीची आहे. पिकअप गाडीच्या हौद्याचा तळ जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतो आणि ट्रेलरचे भरणतोंडही जवळपास तेवढ्याच उंचीवर असते. पाण्याच्या उंचीतल्या प्रत्येक फुटामागे चौरस इंचाला ०.४३ पौंड एवढाच दाब मिळतो, आणि इथे तर फरक फुटाचाही नसतो. पिशवी काठोकाठ भरलेली असताना थोडे पाणी धावते, पण ती पसरत पसरत खाली बसली की धार करंगळीएवढी होते आणि शेवटी थांबते. काही लोक हौद्यावर उंच चौकट उभी करून तिच्यावर टाकी बसवतात. दीडशे किलोंचा भार छपराच्या उंचीवर चढवून कच्च्या रस्त्याने गाडी हाकणे मला सुरक्षित वाटत नाही, म्हणून तो मार्ग मी विचारातच घेतला नाही. पाणी जमिनीलगत किंवा हौद्यात असू द्यावे आणि चढवण्याचे काम पंपाला द्यावे, हेच शहाणपणाचे आहे.

शुरफ्लो ४००८ हा ट्रेलरांच्या आत बसवण्यासाठीच बनवलेला पडद्याचा, म्हणजे आतला लवचिक पडदा मागेपुढे हलवून पाणी ढकलणारा (डायफ्रॅम) पंप आहे, आणि तुमच्या ट्रेलरमध्येही कदाचित तोच असेल. तो मिनिटाला ३ गॅलन, म्हणजे ११ लिटरांहून थोडे अधिक पाणी देतो, दाब चौरस इंचाला ५५ पौंडांवर पोचला की आपोआप थांबतो, आणि पूर्ण भारावर साडेसात अँपिअर वीज घेतो. मी तो एका लाकडी फळीवर रबराच्या पायांसह बसवला आहे. पाणी ओढण्याच्या बाजूला बारीक जाळीची गाळणी, तिच्यापुढे पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित अशी आखूड नळी, देण्याच्या बाजूला तशीच दुसरी लांब नळी, आणि तिच्या टोकाला पितळी कॉक अशी मांडणी आहे. विजेसाठी १० अँपिअरचा फ्यूज घातलेली तार गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये जाते. सगळा संच चपलांच्या खोक्यापेक्षा थोड्या मोठ्या प्लास्टिकच्या पेटीत मावतो.

या पंपाचे दोन गुण मला विशेष मोलाचे वाटतात. पहिला गुण असा, की तो पाणी स्वतः उचलतो. आधी त्याच्या पोटात पाणी ओतून हवा काढून टाकण्याची यातायात करावी लागत नाही, आणि सहा फूट खालच्या पातळीवरून खेचण्याची त्याची क्षमता आपल्या कामाला भरपूर पुरते. दुसरा गुण म्हणजे दाबावर चालणारा त्याचा स्विच. टाकी भरत आली की नळीच्या टोकाचा कॉक बंद करावा, क्षणात दाब चढतो आणि पंप गप्प बसतो, त्यामुळे गाडीपाशी एकाने आणि ट्रेलरपाशी दुसऱ्याने उभे राहून ओरडाओरडा करण्याची गरज पडत नाही. माझी पत्नी हे काम एकटीने सहज करते. ड्रिलला लावून चालवायचे स्वस्त पंप मी इतरांकडे पाहिले आहेत. ते पाणी ढकलतात, पण सबंध वेळ ड्रिलचा घोडा दाबून धरावा लागतो, आणि त्यांपैकी बहुतेकांवर ते पिण्याच्या पाण्यासाठी नाहीत असे स्पष्ट छापलेले असते. हे वाक्य दुकानात वाचूनच पंप घ्यावा. ज्या ट्रेलरांना उघडे भरणतोंड नसते आणि नळाची नळी आट्यांनी जोडून आतल्या झडपेने पाणी टाकीकडे वळवावे लागते, त्यांच्यासाठी तर दाब देणारा पंपच लागतो, कारण त्या तोंडाशी उलटे पाणी रोखणारी झडप असते आणि तिला उघडण्याइतका जोर कमकुवत पंपात असेलच असे नाही.

वेगाबद्दल स्पष्ट अपेक्षा ठेवावी. कागदावर ४५ गॅलनला १५ मिनिटे लागायला हवीत, पण गाळणी, नळीची लांबी आणि चढ यांमुळे प्रत्यक्षात वेळ त्याहून थोडा अधिक लागतो, आणि तो मला योग्यच वाटतो. टाकीत पाणी शिरताना आतली हवा बाहेर पडावी लागते, आणि तिच्यासाठी ठेवलेली नळी बारीक असते. धार फार जोराची असली की भरणतोंडातून पाणी उलट उसळून अंगावर येते. मिनिटाला अकरा लिटरांच्या धारेला बहुतेक टाक्या असा प्रतिकार करत नाहीत. विजेचा खर्च दोन अँपिअर-तासांच्या आसपास येतो, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जेमतेम दोन टक्के भाग. आवाज मात्र आहे. पंप फळीसकट गाडीच्या पत्र्यावर ठेवला तर तो सगळा हौदा धडधडवतो, म्हणून खाली जाड रबर घालावे आणि शेजाऱ्यांच्या शांततेसाठी हे काम पहाटे किंवा रात्री करू नये. आणखी एक काळजी थंडीची. जानेवारीत या वाळवंटात काही रात्री पारा शून्याखाली जातो, आणि पंपाच्या पोटात राहिलेले पाणी गोठले तर त्याचे डोके तडकते. काम झाल्यावर दोन्ही नळ्या सोडून पंप काही क्षण कोरडा चालवला की आतले पाणी निघून जाते, आणि कोरडे चालणे या पंपाला सोसते.

ज्यांना नवा पंप घ्यायचा नाही त्यांच्यासाठी एक मार्ग ट्रेलरमध्येच दडलेला आहे. हिवाळ्यापूर्वी नळांमध्ये गोठणरोधक द्रव भरता यावा म्हणून बऱ्याच ट्रेलरांच्या आतल्या पंपाजवळ तिहेरी झडप आणि एक आखूड नळी दिलेली असते. ती नळी डब्यात सोडून झडप फिरवली, की ट्रेलरचा पंप टाकीऐवजी डब्यातून पाणी ओढू लागतो. मग बाहेरच्या शॉवरच्या जागी नळी जोडून तिचे दुसरे टोक भरणतोंडात सोडले, म्हणजे तोच पंप डब्यातले पाणी टाकीत पोचवतो. ही युक्ती फुकट आहे आणि ती काम करते. मात्र पंप बहुधा पलंगाखाली किंवा जिन्याच्या मागे असतो, डबे आत आणावे लागतात आणि पाणी सांडले तर ते लाकडी जमिनीवर सांडते. मोजके दिवस राहणाऱ्याने एवढ्यावर भागवावे, त्याला दुसरे काही विकत घेण्याची गरज नाही.

आता पिशवीकडे वळतो. ती जाड, आतून अन्नपाण्यासाठी मान्य अशा प्लास्टिकचा थर असलेल्या कापडाची आहे. रिकामी असताना घडी घालून ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात सहज बसते, आणि कायमच्या टाकीपेक्षा तिला पसंती देण्याचे हेच मुख्य कारण आहे, कारण आम्हाला हौद्यात लाकूड, खुर्च्या आणि मुलांच्या सायकलीही न्यायच्या असतात. भरली की ती गादीसारखी फुगून हौद्याचा बराचसा भाग व्यापते. ती अंथरण्यापूर्वी हौदा झाडून घ्यावा, कारण पत्र्यावरचा एखादा टोकदार खडा तिला दीडशे किलोंच्या भाराखाली सहज भोसकू शकतो. आम्ही खाली रबरी चटई आणि तिच्यावर जुनी सतरंजी घालतो. पिशवीचे निकासतोंड गाडीच्या मागच्या झाकणाकडे ठेवावे आणि हौदा मागच्या बाजूला किंचित उतरता राहील अशा बेताने गाडी उभी करावी, म्हणजे पाणी आपसूक तोंडाकडे येते.

पाणी ओढताना या पिशवीची खरी परीक्षा होते. पहिला अर्धा भाग विनासायास निघतो. त्यानंतर पिशवी सैल पडते, पंपाच्या ओढीने वरचे कापड खाली खेचले जाते आणि निकासतोंडावर घडीसारखे चिकटून बसते. पंपाचा सूर एकदम चढतो, नळीतून हवेचे बुडबुडे दिसू लागतात आणि धार तुटते, आत अजून दहा-बारा गॅलन पाणी शिल्लक असताना. यावर उपाय सोपा आहे, पण तो माहीत असावा लागतो. पिशवीचे दूरचे टोक उचलून ते निकासतोंडाच्या दिशेने गुंडाळत आणायचे, जशी लाटलेली वळकटी करतात तसे, आणि प्रत्येक वेढ्यानंतर थोडे थांबायचे. वेढ्यांच्या भाराने पाणी पुढे सरकते आणि तोंडापाशी कापड ताठ राहते. शेवटचे दोन-तीन गॅलन तरीही राहतात, आणि ते आम्ही बादलीत काढून हातपाय धुण्यासाठी वापरतो. निकासतोंडाच्या आत जाळीदार आधार किंवा छिद्रे पाडलेली आखूड नळी दिली असती तर हा सारा खटाटोप टळला असता. निर्मात्याला हे सुचू नये, याचे मला नवल वाटते.

तक्रार आहे ती निकासतोंडाच्या झडपेबद्दल. पिशवीचे कापड आणि शिवण उत्तम, पण तिला बसवलेली झडप हलक्या प्लास्टिकची होती आणि तिच्या आट्यांमधला वायसर पातळ होता. पहिल्या हिवाळ्यातच तिथून थेंब थेंब गळती सुरू झाली, आणि कच्च्या वाटेवरून येता येता हौद्यात पाण्याचे तळे साचू लागले. विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवले असता त्याने तशीच दुसरी झडप पाठवली, आणि तीही पुढे तशीच गळू लागली. शेवटी मी हार्डवेअरच्या दुकानातून पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी शिसेमुक्त पितळी झडप आणि जाड वायसर आणून बसवला. त्यानंतर थेंबही गळलेला नाही. हा खर्च किरकोळ आहे, परंतु वाळवंटात पाणी गळणे ही किरकोळ बाब नाही, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूला ग्राहकाने स्वतः झडप बदलावी लागणे मला मान्य नाही. पिशवी घेणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी घरच्या अंगणात भरून, रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवून तपासावी.

वजनाचा विचार यापुढे येतो, आणि मी पाहतो की नेमका तोच टाळला जातो. ४५ गॅलन पाणी म्हणजे ३७५ पौंड. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून गाडी किती भार वाहू शकते, तो आकडा छापलेला असतो. आमच्या गाडीवर तो १,५०० पौंडांच्या आसपास आहे. ट्रेलर जोडला की त्याच्या दांड्याचा भार, जो साधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतो, याच आकड्यातून वजा होतो. पाच हजार पौंडांच्या ट्रेलरचा दांडा ५०० ते ७५० पौंड खातो, चार माणसे आणखी पाचशे पौंड, वर खाण्यापिण्याचे सामान आणि हत्यारे. त्यात भरलेली पिशवी घातली तर मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ट्रेलर ओढत असताना पिशवी नेहमी रिकामी आणि घडी घातलेलीच असावी. तळ ठोकल्यावर, ट्रेलर सोडवून, मोकळ्या गाडीने पाणी आणावे. अर्धवट भरलेली पिशवी वळणावर आणि ब्रेक लावताना पुढेमागे हिंदकळते आणि गाडीचा तोल बिघडवते, त्यामुळे ती एकतर पूर्ण भरावी, हवा काढून टाकावी आणि दोन पट्ट्यांनी बांधावी, नाहीतर भरूच नये.

पाणी कुठून घ्यायचे आणि ते शुद्ध कसे राखायचे, यावर मी सर्वाधिक भर देईन, कारण आपण हे पाणी पितो आणि मुलांना पाजतो. सांडपाणी सोडण्याच्या ठिकाणी अनेकदा दोन नळ असतात, एक पिण्याचा आणि दुसरा केवळ नळी व जमीन धुण्याचा. दुसऱ्याला बहुधा आटे असतात आणि म्हणून नळी जोडायला तोच सोयीचा वाटतो. पाटी वाचल्याशिवाय कोणत्याही नळाला नळी लावू नये. याउलट, राष्ट्रीय उद्यानांतल्या आणि वनखात्याच्या तळांवरच्या पिण्याच्या नळांना पुष्कळदा आटे मुद्दामच नसतात, जेणेकरून कोणी नळी लावून तासभर नळ अडवून बसू नये. अशा नळाच्या तोंडावर चढवायचा रबरी जोड मिळतो. तो जवळ ठेवावा, पण जिथे ट्रेलर भरायला मनाई लिहिलेली आहे तिथे तो वापरणे योग्य नाही, आणि जिथे परवानगी आहे तिथेही रांगेतल्या माणसाला आधी त्याची बाटली भरू द्यावी.

बागेची साधी हिरवी नळी वापरू नये. पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित पांढरी किंवा निळी नळीच घ्यावी आणि तिची दोन्ही टोके वापरानंतर एकमेकांना जोडून बंद ठेवावीत, म्हणजे आत धूळ आणि कीटक शिरत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला पिशवी, नळ्या, पंप आणि टाकी यांतून सुगंधविरहित साध्या घरगुती ब्लीचचे पाणी फिरवतो. त्याचे रूढ प्रमाण दर १५ गॅलनला पाव कप, म्हणजे ५७ लिटरांना ६० मिलिलिटर असे आहे. हे पाणी किमान चार तास ठेवून सोडून द्यावे आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यावे. नव्या पिशवीला येणारा प्लास्टिकचा वास खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने बराच कमी होतो. कोळशाची गाळणी कुठे बसवावी, याबद्दल माझे मत प्रचलित पद्धतीपेक्षा वेगळे आहे. बहुतेक लोक ती नळ आणि टाकी यांच्यामध्ये लावतात. कोळसा पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो, आणि मग टाकीत आठवडाभर साठणारे पाणी संरक्षणाविना राहते. क्लोरीन साठवणीत असू द्यावा आणि गाळणी स्वयंपाकघराच्या नळापाशी लावावी, म्हणजे चवही सुधारते आणि साठाही सुरक्षित राहतो. पिशवी उन्हात उघडी टाकू नये. अर्धपारदर्शक प्लास्टिकमधून आत प्रकाश गेला की काही दिवसांत शेवाळ धरते.

स्वच्छ पाणी आणण्याची सोय झाली, की दुसरी टाकी अडवते. नळाचे आणि न्हाणीचे सांडपाणी जिथे जमा होते ती टाकी आमच्या ट्रेलरमध्ये ३० गॅलनची आहे, म्हणजे स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा लहान. ला पोसासारख्या परवान्याच्या भागात सांडपाणी जमिनीवर सोडायला मनाई आहे. त्यामुळे पाणी दुप्पट आणले तरी ते जिरवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतोच. आपल्या स्वयंपाकात हा ताण अधिक जाणवतो. तांदूळ-डाळ धुणे, कणकेची परात, हळद आणि तेल लागलेली भांडी, कुकरची भांडी, यांना सँडविच खाऊन राहणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी लागते. आम्ही भांडी आधी कागदाने स्वच्छ पुसून घेतो, दोन लहान घंगाळांत धुतो आणि शेवटचे पाणी शौचालयाच्या टाकीत वापरतो. सांडपाण्यासाठी चाकांची वेगळी टाकी मिळते, ती ओढत नेऊन रिकामी करता येते. मात्र स्वच्छ पाण्याची पिशवी, पंप किंवा नळी यांपैकी काहीही, एकदासुद्धा, सांडपाण्यासाठी वापरू नये.

खर्चाचे म्हणाल तर पंप शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, आणि नळ्या, गाळणी, तार, झडप आणि पिशवी धरून सगळा संच तीनशे डॉलरच्या मागेपुढे उभा राहतो. आधी पंप घ्यावा आणि तो घरी असलेल्या डब्यांबरोबर वापरून पाहावा, असा माझा आग्रह आहे. डबे हौद्यातच ठेवायचे आणि ओढणारी नळी एकातून दुसऱ्यात सरकवत जायचे, म्हणजे उचलण्याचे कष्ट तिथेच संपतात. नळावर भरताना मात्र डबा हौद्यातच ठेवून नळी वर न्यावी. दोन माणसांच्या कुटुंबाला चार डबे आणि हा पंप बहुतेक मुक्कामांना पुरेसा ठरतो. चार माणसे आणि आठवड्याहून मोठा मुक्काम असेल तेव्हा पिशवीचे पैसे वसूल होतात. सबंध हंगाम एकाच जागी काढणाऱ्याने पिशवीऐवजी हौद्यात बसणारी, आत आडव्या भिंती असलेली कडक प्लास्टिकची टाकी घ्यावी, कारण ती हिंदकळत नाही, तिला वळकटी करावी लागत नाही आणि ती अधिक टिकते. क्वार्ट्झसाइटसारख्या ठिकाणी पाणी तळावर आणून देणारे आणि सांडपाणी उपसून नेणारे ट्रकवालेही हंगामात असतात. ज्यांच्याजवळ पिकअप नाही किंवा ज्यांची प्रकृती साथ देत नाही, त्यांनी ही सेवा निःसंकोच घ्यावी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून तिकडचे काही परिचित अशा साधनांची चौकशी करतात आणि इकडून काय पाठवू, असे विचारतात. पंप पाठवण्याजोगा आहे, कारण बारा व्होल्टची वीज सगळीकडे सारखीच. नळ्या आणि जोड मात्र पाठवून उपयोग नाही. अमेरिकेतल्या पाऊण इंची नळीच्या जोडाला इंचामागे साडेअकरा आटे असतात आणि भारतातल्या पाऊण इंची नळाला इंचामागे चौदा. टेफ्लॉनची पट्टी कितीही गुंडाळली तरी ते एकमेकांत नीट बसत नाहीत. पंपाच्या दोन्ही तोंडांना अर्धा इंची आटे असतात, त्यांवर नळी खोचण्याचे पितळी निपल लावून पाठवावेत, म्हणजे पुढची नळी तिथल्या दुकानातून खाण्यापिण्यासाठी चालणारी पाहून घेता येते आणि क्लॅम्पने पक्की आवळता येते.